तासाभरात चालू होईल

माझ्या भाचीच्या, केतकीच्या हुद्द्याचं नाव पाठ व्हायला मला आठवडा लागला. साईट रिलायबिलिटी इंजिनिअर. बहिणीनं फोनवर सांगितलं तेव्हा मला वाटलं, पोरगी डोक्यावर पिवळी टोपी घालून कुठल्या तरी बांधकामावर उभी असते. मग केतकीनंच समजावलं. "अगं मावशी, कंपनीचं जे जे कॉम्प्युटरवर चालतं ना, ते बंद पडू नये हे बघायचं. पडलंच तर उभं करायचं. आणि परत तसंच पडू नये म्हणून काय करायचं ते ठरवायचं." म्हटलं, हात्तिच्या! म्हणजे माझंच काम की. फरक एवढाच, की मला ते करताना कुणी इंजिनिअर म्हटलं नाही. हजेरीपत्रकावर मी कारकून होते आणि सगळ्या कारखान्याला 'कॉम्प्युटरवाली बाई'.

तो साखर कारखाना संगमनेर-राहात्याच्या पट्ट्यातला कुठलाही धरा, नाव लिहीत नाही. नव्वदच्या दशकात मी तिथे होते. नाव न लिहिण्याचं कारण पुढे कळेलच, आणि दोष कारखान्याचा नव्हताच म्हणा.

ज्यांनी कारखाना आतून पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. उसाची गाडी आली की ती आधी यार्डात रांगेत लागते. तिला नंबर मिळतो. नंबर आला की गाडी काट्यावर चढते, म्हणजे जमिनीत बसवलेल्या मोठ्या वजनकाट्यावर. भरल्या गाडीचं वजन झालं की ऊस गव्हाणीत, म्हणजे गाळपाला नेणाऱ्या पट्ट्यावर, खाली करायचा, रिकामी गाडी परत काट्यावर आणायची, वजाबाकी करायची, चिठ्ठी घ्यायची, सुटायचं. हंगामात हे चक्र चोवीस तास फिरतं. ट्रक आणि ट्रॅक्टर असतातच, पण आमच्याकडे निम्म्याहून जास्त ऊस टायरच्या बैलगाड्यांतून यायचा. त्या गाड्या ऊसतोडीवाल्या नवरा-बायकोच्या. खर्डा, जामखेड, पाथर्डीकडची कोरडवाहू माणसं दिवाळीनंतर बिऱ्हाड उचलून इकडे यायची आणि पाचटाच्या कोप्या करून राहायची. पहाटे दोघांनी तोडायचं, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची आणि मग नवऱ्यानं यार्डात येऊन रांगेत बसायचं.

मी यायच्या आधी ही रांग दगडूतात्या सांभाळायचे. काट्याचे कारकून. धोतर, काळी टोपी, कानावर पेन्सिल आणि हातात लाल कापडाची वही. गाडी आली की जोखडावर खडूनं नंबर घालायचे आणि तोच वहीत उतरवायचे. त्यांची एक पद्धत होती, कुठल्या नियमात लिहिलेली नाही. रांगेत कुणाचा बैल लंगडायला लागला, कुणी तापानं फणफणला, कुणाबरोबर दुखणाईत लेकरू असलं, तर तात्या त्या गाडीपुढे जाऊन दोन्ही हात वर करायचे आणि ओरडायचे, "वाट द्या रं!" पुढच्या गाड्या कुरकुरत बाजूला व्हायच्या आणि ती गाडी आधी काट्यावर चढायची. वहीत त्या नंबरापुढे तात्या एक फुली मारायचे. झालं.

आता या फुल्या सगळ्याच काही दुखणाइतांच्या नव्हत्या, हेही सांगायला हवं. संचालकांच्या मेहुण्याचा ट्रॅक्टरही फुलीवर पुढे जायचा. तात्यांना 'न्हाई' म्हणता यायचं नाही. त्यावरून यार्डात हाणामाऱ्या व्हायच्या, सर्वसाधारण सभेत आरडाओरडा व्हायचा. म्हणून तर एमडी साहेबांनी कॉम्प्युटर आणला आणि मला घेतलं.

मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते, नाशिकला डिप्लोमा केलेली आणि अंगात मस्ती केवढी! काट्याच्या खोलीमागची गोडाऊनची खोली मला मिळाली. तिला एसी बसवला, चपला बाहेर काढायच्या असा कागद चिकटवला. पहिल्या दिवशी चेअरमननी मशीनला हार घालून नारळ फोडला आणि पाणी कीबोर्डवर उडालं. तो कीबोर्ड दोन दिवस उन्हात वाळवावा लागला, ही माझ्या कारकिर्दीतली पहिली दुरुस्ती. नंतर उंदरांनी वायरी कुरतडल्या. मग साखरेच्या वासानं मुंग्या थेट प्रिंटरात शिरल्या. एक बागायतदार काका रोज येऊन खिडकीतून पडद्याकडे बघत बसायचे. एकदा म्हणाले, "बाई, ह्यात माझा ऊस दिसतो का वो?" मी त्यांचं नाव, गट नंबर, लागणीची तारीख काढून दाखवली. गडी इतका खूष झाला की दुसऱ्या दिवशी रसाची कळशी घेऊन हजर. मी म्हटलं, काका, आत आणू नका हो, मुंग्या!

असं हसत-खेळत चाललं होतं. प्रोग्रॅम मी स्वतः लिहिला होता. गाडी आली की छापील टोकन निघायचं, नंबर मशीन पुकारायचं आणि क्रम कुणालाही बदलता यायचा नाही. चेअरमनलाही नाही. मेहुण्याचा ट्रॅक्टर पहिल्यांदा रांगेत तीन तास उभा राहिला, तेव्हा यार्डातल्या माणसांनी शिट्ट्या वाजवल्या. माझी छाती फुगली होती, खोटं कशाला बोलू?

तात्या काही दिवस वही चालवतच होते. मी म्हटलं, "तात्या, दोन ठिकाणी नोंद नको. उद्या आकडे जुळले नाहीत तर खरं कुठलं धरायचं?" ते म्हणाले, "बाई, फुली कुठं मारायची मग?" मी म्हटलं, "फुली नाही. फुलीमुळेच तर हे सगळं आणलं ना?" त्यांनी माझ्याकडे बघितलं, वही मिटली आणि माझ्या टेबलावर ठेवली. मी ती कपाटात टाकून कुलूप लावलं. दुखणाइताचं काय, हा प्रश्न तेव्हा माझ्या डोक्यात आला होता. आला होता! पण म्हटलं, एक अपवाद ठेवला की मेहुणे त्यातूनच आत शिरणार.

दुसऱ्या हंगामातली गोष्ट, संक्रांतीनंतरची. सकाळी दहाच्या सुमाराला पडद्यावरचे नंबर जागच्या जागी थांबले. मशीनच्या पोटातून कट्-कट्-कट् असा आवाज यायला लागला. हार्ड डिस्क म्हणजे मशीनचं डोकं, सगळी नोंद तिच्यात. ती गेली होती.

मी घाबरले नाही. रोज संध्याकाळी मी सगळ्या नोंदींची नक्कल एका टेपवर घ्यायचे, आणि रोज पडद्यावर 'नक्कल पूर्ण झाली' असं यायचं. एक जादा डिस्क कपाटात होती. नवी डिस्क बसवायची, टेपवरून नोंदी उतरवायच्या, काम खलास. काट्यावर तात्या विचारत होते, किती वेळ? मी सांगितलं, "तासाभरात चालू होईल."

डिस्क बसवायला तास गेला. टेप लावली, तर टेपवर काही नाही. कालची नाही, परवाची नाही, आठवड्यापूर्वीचीही नाही. नक्कल घेणाऱ्या यंत्राचं हेड धुळीनं बरबटलं होतं आणि यंत्र महिनाभर नुसतं 'पूर्ण झाली, पूर्ण झाली' म्हणत होतं. त्या महिनाभरात मी एकदाही टेपवरचं परत उतरवून बघितलं नव्हतं. घेतलेली नक्कल चालते का हे बघायचं असतं, हे कुणी शिकवलं नव्हतं आणि मला सुचलं नव्हतं.

नाशिकच्या इंजिनिअरला फोन लावला. तो म्हणाला, जुनीच डिस्क परत जोडून अमुक करून बघा, अर्ध्या तासात ती चालू होईल. केलं. नाही झाली. मग तमुक करून बघा. तोवर बाहेर दीड-दोनशे गाड्या तटलेल्या, उन्हं चढलेली. तात्या खिडकीशी येऊन म्हणाले, "बाई, माझी वही द्या. आमी हातानं घेतो वजनं. काटा तर चालू हाय."

काटा चालू होता, ही गोष्ट खरी. बंद होतं ते माझं मशीन. पण मी म्हटलं, "हातानं घेतलेली वजनं पुन्हा मशीनमध्ये कोण घालणार? आणि नंबर? नंबर तर मशीनमध्येच अडकलेत. सगळे म्हणतील माझा आधीचा, माझा आधीचा. थांबा, तासाभरात चालू होईल." दुसऱ्यांदा. मला तेव्हा मनातून एकच भीती होती. एकदा वही बाहेर आली की ती परत आत जाणार नाही आणि सगळे म्हणतील, बघा, बाईचं खेळणं मोडलं.

साडेअकराच्या आसपास एक गाडीवान खिडकीशी आला. तिशीचा असेल. नाव लहू, खर्ड्याकडचा. टोकन त्यानं दोन बोटांत जपून धरलं होतं. "ताई, किती येळ लागंल? पोरगी लई उलट्या करायलीय, जुलाबबी हायेत. कारखान्याच्या दवाखान्यातला कंपाउंडर म्हनला तालुक्याला न्या, सलाईन लावा. गाडी खाली झाली की जातो घिऊन."

मी डिस्कच्या केबलशी झटत होते. मान वळवून बघितलं फक्त. पलीकडे चौथ्या-पाचव्या गाडीखाली, सावलीला, एक बाई मांडीवर मूल घेऊन बसली होती. कडेला एक तान्हं फडक्यावर निजवलेलं होतं. मी म्हटलं, "अर्ध्या तासात होतंय. तुमचा नंबर पुढेच आहे. थांबा."

"बरं, ताई," तो म्हणाला आणि गेला.

आता हे नीट समजून घ्या, कारण माझं सगळं आयुष्य या एका गोष्टीभोवती अडकून बसलंय. नंबर पुकारला तेव्हा गाडीवान हजर नसला की गाडी रांगेच्या शेवटी जायची. माझ्याच प्रोग्रॅमचा नियम. म्हणून लहू हलत नव्हता. बायकोनं एकटीनं परक्या तालुक्याला, परक्या दवाखान्यात जायचं म्हटलं तर अंगावरचं तान्हं, ती कधी अशी गेलेली नाही. पण काटा दिवसभर बंदच राहणार हे मी सांगितलं असतं, तर नंबर जायची भीतीच उरत नव्हती. रांग हलणारच नव्हती! बैल सोडून, पोरीला उचलून तो बिनघोर गेला असता. काटा बंद असल्यानं त्याचं काही अडलं नव्हतं. तो अडकला होता माझ्या 'अर्ध्या तासात'मुळे.

साडेबाराला तो परत आला. "ताई, झालं का?" मी म्हटलं, "होतच आलंय." पावणेदोनला तात्या त्याला घेऊन आले. तात्यांचा आवाज चढला होता. "बाई, एवढी एक गाडी तरी घिऊ द्या. पोरीचे डोळे आत गेलेत." मी ओरडले. हो, ओरडले त्यांच्यावर, वडिलांच्या वयाच्या माणसावर. "तात्या, एक घेतली की दोनशे अंगावर येतील! मला काम करू द्या. अर्धा तास, फक्त अर्धा तास!" आणि मला ते मनापासून खरं वाटत होतं, हे त्यातलं सगळ्यात वाईट. दर वेळी वाटायचं, आता या वेळी होणार. नाशिकचा माणूस म्हणायचा होईल, मी म्हणायचे होईल, आणि लहू ऐकून गाडीकडे परत जायचा. साहेब लोक सांगतात म्हणजे होणारच, असं त्याला वाटत असणार.

सव्वातीनला एमडी साहेब स्वतः आले. "कपाट उघडा," एवढंच म्हणाले. मी वही काढून दिली. तात्यांनी कानावरची पेन्सिल काढली, बाहेर जाऊन दोन्ही हात वर केले आणि यार्डात घुमेल असे ओरडले, "वाट द्या रं! लहूची गाडी आधी!" इतका वेळ भांडणारी रांग एका शब्दानं बाजूला झाली. कुणी म्हणालं नाही, माझा नंबर आधीचा. एकही माणूस म्हणाला नाही. ज्या दोनशे गाड्यांची भीती मी सकाळपासून उराशी धरली होती, त्या अशा मुकाट्यानं सरकल्या.

गाडी पुढे आली नाही. तात्या तिकडे चालत गेले आणि खाली वाकले. मग तसेच परत आले, काट्याच्या पायरीवर बसले, टोपी काढली. मी बाहेर गेले तर मला म्हणाले, "पोरगी गेली, बाई." मागोमाग तिच्या आईचा आवाज आला. त्या आवाजाबद्दल मी काही लिहू शकत नाही.

कारखान्याची जीप निघाली, तालुक्याला नेलं, डॉक्टरांनी फक्त बघितलं. पोरीचं नाव सीता होतं. तीन वर्षांची. हे मला दुसऱ्या दिवशी तात्यांकडून कळलं.

चौकशी झाली. मला लेखी खुलासा मागितला. मी लिहिलं, 'हार्ड डिस्क निकामी झाल्यानं यंत्रणा बंद पडली, नकलेच्या टेप वाचता आल्या नाहीत.' शब्द न् शब्द खरा. त्या कागदात लहूचं नाव नव्हतं आणि कुणी ते विचारलंही नाही. मुलगी आजारानं गेली, तिचा कॉम्प्युटरशी काय संबंध? माझ्या वार्षिक अहवालात शेरासुद्धा आला नाही. उलट नवीन टेपयंत्र मंजूर झालं.

पुढे मी बरंच काही केलं. दर शनिवारी टेपवरचं परत उतरवून बघायला लागले. तात्यांची वही काट्यावर कायमची आली, मशीन बंद पडलं की दहा मिनिटांत हातानं नोंद सुरू. प्रोग्रॅममध्ये फुलीसाठी एक बटन घातलं. मेहुणे त्यातून शिरलेच, शिरू दे. आजूबाजूच्या कारखान्यांतली पोरं माझ्याकडे शिकायला यायची, आणि त्यांना मी पहिल्यांदा हेच सांगायचे, की मशीन बसवणं सोपं आहे. ते पडेल तेव्हा माणसांचं काय, हे आधी ठरवा. का सांगतेय ते मात्र कधी सांगितलं नाही.

केतकी म्हणते, त्यांच्याकडे आता हे सगळं नियमात आहे. काही पडलं की एक जण दुरुस्त करतो आणि दुसरा फक्त लोकांना कळवत राहतो. किती वेळ लागेल ते माहीत नसेल तर 'माहीत नाही' असंच लिहायचं. नंतर सगळे बसून कुठे चुकलं त्याचा शोध घेतात आणि कुणा एकाला दोष देत नाहीत. तिला ते फार शहाणपणाचं वाटतं, आणि आहेच. मशीन सुधारायचं तर तसंच करायला हवं. पण मला एवढंच वाटतं, की दोष कुणालाच न देण्याची सोय मला तेव्हाच मिळाली होती. खुलाशात, अहवालात, सगळीकडे. तिचं मी काय केलं? पंचवीस-तीस वर्षं गप्प बसले. केतकीलाही हे आता छापून आल्यावर अंकात वाचूनच कळेल.

चौथ्या दिवशी लहू परत रांगेत होता. न येऊन सांगतो कुणाला, हंगामाची उचल आधीच दिलेला मुकादम कोपीवर बसलेलाच. बायको त्याच्याबरोबर गाडीवर होती, तान्हं घेऊन. मशीन नव्या डिस्कवर सुरळीत चाललं होतं. रांग भराभर सरकत होती. काट्यावर त्या दिवशी मीच होते. तात्या मला म्हणाले होते, "तुमी आत थांबा, मी बघतो," पण मी थांबले नाही. त्याच्यापुढे दोन गाड्या होत्या. तो खिडकीशी आला, टोकन पुढे केलं आणि नेहमीसारखं विचारलं, "ताई, किती येळ लागंल?"

पाच मिनिटंही लागणार नव्हती. पण माझ्या तोंडून आकडा निघेना. मी म्हटलं, "मला माहीत नाही, लहू. खरंच सांगता येत नाही."

त्यानं माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"त्या दिशी असंच म्हनायचं हुतं, ताई," तो म्हणाला. "पोरीला खांद्यावर टाकून मी चालत गेलो असतो."